न निघणारी लघवीची नळी : कारणे, धोके आणि सोडवणुकीचा क्रम

नवी दिल्ली : लघवीसाठी बसवलेली नळी ठरलेल्या दिवशी निघाली नाही, तर रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय घाबरून जातात. नळी थोडी जोराने ओढावी, कात्रीने कापावी किंवा आतला फुगा फुटेपर्यंत पाणी भरावे, असे सल्लेही अशा वेळी मिळू लागतात. प्रत्यक्षात नळीतून लघवी वाहत असेल, तर ही अडचण बहुतेक वेळा शांतपणे, क्रमाक्रमाने सोडवता येते. गंभीर इजा होते ती बव्हंशी घाईने केलेल्या उपायांमुळे. अर्धांगवायू, मणक्याची दुखापत, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, कर्करोग किंवा वार्धक्य यांमुळे महिनोन्‌महिने नळीवर अवलंबून असलेल्या अनेक रुग्णांची शुश्रूषा घरीच होते. त्यामुळे नळी का अडकते, कोणी काय करावे आणि काय मुळीच करू नये, याची माहिती रुग्णालयाबाहेरही असणे आवश्यक ठरते.

नळी आत टिकते कशी

आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या या नळीला फोली कॅथेटर म्हणतात. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावावरून हे नाव पडले. १९३० च्या दशकात त्यांनी विकसित केलेल्या नळीचे वैशिष्ट्य म्हणजे टोकाजवळचा फुगा. त्यापूर्वी नळी आत टिकवण्यासाठी ती चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने बाहेरून बांधावी लागे. फुग्यामुळे नळी मूत्राशयात आपोआप अडकून राहू लागली. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. पॅरिसमधील शस्त्रक्रिया-उपकरणांचे निर्माते जोसेफ शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या या मापानुसार १ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे १६ क्रमांकाच्या नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ५.३ मिलिमीटर असतो.

नळीच्या आत दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. मोठ्या वाहिनीतून लघवी पिशवीत उतरते. दुसरी, अतिशय अरुंद वाहिनी फुग्यापर्यंत जाते. तिच्या बाहेरच्या रंगीत तोंडात एक छोटी झडप असते. सिरिंजचे टोक दाबून बसवले की ही झडप उघडते आणि काढले की मिटते. प्रौढांच्या नेहमीच्या नळीत फुग्यामध्ये साधारणपणे १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात. काही शस्त्रक्रियांनंतर वापरल्या जाणाऱ्या तीन वाहिन्यांच्या नळीत ३० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक पाणी असू शकते.

दहा मिलिलिटर पाण्याने भरलेल्या फुग्याचा व्यास सुमारे पावणेतीन सेंटीमीटर होतो, तर तीस मिलिलिटरच्या फुग्याचा जवळजवळ चार सेंटीमीटर. एवढा गोळा अरुंद मूत्रमार्गातून ओढून काढल्यास काय होईल, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट होते. मूत्रमार्ग फाटणे, मोठा रक्तस्राव होणे, पुढे व्रण आकसून मार्ग कायमचा अरुंद होणे आणि मूत्रनियंत्रण करणाऱ्या स्नायूंना इजा होणे, हे त्याचे परिणाम आहेत.

अडकण्याची पाच कारणे

पहिले आणि सर्वाधिक चर्चिले जाणारे कारण म्हणजे फुगा रिकामा न होणे. झडप बिघडलेली असते, फुग्याची वाहिनी कुठेतरी दबलेली असते किंवा तिच्यात कण साचलेले असतात. फुग्यात निर्जंतुक पाण्याऐवजी सलाईन भरल्यास त्यातील मिठाचे स्फटिक वाहिनीत बसू शकतात. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळेही तसे होऊ शकते. बाहेर नळीवर घट्ट बांधलेला दोरा किंवा चिमटाही ही अरुंद वाहिनी बंद करू शकतो.

दुसरे कारण फुग्याच्या घडीचे आहे. पाणी पूर्ण निघते, तरी फुग्याचे पातळ आवरण नळीला सपाट न चिकटता कॉलरसारखी कडा तयार करते. विशेषतः पूर्णपणे सिलिकॉनच्या नळीत असे घडते. पोटाच्या खालच्या भागातून थेट मूत्राशयात बसवलेल्या नळीच्या बाबतीत ही कडा अधिक त्रासदायक ठरते.

तिसरे कारण क्षारांचा थर. प्रोटियस मिराबिलिस यांसारखे जंतू युरिएज नावाचे विकर तयार करतात. हे विकर लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते. लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट व कॅल्शियम फॉस्फेट यांचे स्फटिक नळीवर जमू लागतात. हा थर नळीच्या छिद्रांत साचला तर लघवी अडते. तो फुग्याच्या बाहेरून बसला तर पाणी निघाल्यानंतरही टोकाशी खडबडीत, दगडासारखे आवरण उरते.

चौथे कारण गाठ. लहान मुलांमध्ये लघवीसाठी कधीकधी फुगा नसलेली बारीक, मऊ नळी किंवा आहारासाठीची नळी वापरतात. ती गरजेपेक्षा जास्त आत ढकलली गेली, तर मूत्राशयात वेटोळे पडून तिची गाठ बसू शकते.

पाचवे कारण टाका. प्रोस्टेट, मूत्राशय किंवा गर्भाशयाच्या परिसरातील शस्त्रक्रियेत एखादा टाका नकळत नळीतून गेलेला असू शकतो. फुगा रिकामा झाल्यानंतरही नळी एका ठराविक बिंदूवर अडत असेल आणि रुग्णाची अलीकडे अशी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर या शक्यतेचा विचार करावा लागतो.

पहिला प्रश्न : लघवी वाहते आहे का?

नळी निघत नाही असे लक्षात येताच पिशवीकडे पाहणे, हे पहिले काम. लघवी नेहमीसारखी वाहत असेल, ताप नसेल आणि पोटात वेदना नसेल, तर रुग्णाला दिलासा देऊन नियोजित पद्धतीने पुढे जाता येते. नळी आणखी काही तास किंवा एखादा दिवस राहिल्याने सहसा अपाय होत नाही.

लघवी थांबलेली असेल आणि ओटीपोट फुगून दुखत असेल, तर मात्र परिस्थिती तातडीची असते. थंडी वाजून ताप येणे, रक्ताच्या गाठी पडणे, रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागणे, हीदेखील विनाविलंब रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. मणक्याच्या वरच्या भागात, छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर, मज्जारज्जूला दुखापत झालेल्या रुग्णांबाबत विशेष दक्षता हवी. मूत्राशय तुंबल्यास किंवा नळीची ओढाताण झाल्यास त्यांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे आणि दरदरून घाम येणे ही त्याची खूण होय. अशा वेळी रुग्णाला बसते करून, अंगावरील घट्ट कपडे सैल करून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

सोडवणुकीचा क्रम

या अडचणीवरील उपाय साध्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्यांनी केले जातात. एक पायरी पूर्ण अयशस्वी ठरल्यावरच पुढची घ्यायची, हा त्यातील मूळ नियम आहे.

घरातील माणसांनी करण्यासारख्या गोष्टी मर्यादित, पण उपयुक्त आहेत. नळीला पीळ किंवा घडी पडली आहे का, ती मांडीखाली दबली आहे का, पट्टी फार घट्ट आहे का, हे पाहावे. बद्धकोष्ठतेमुळे भरलेले मोठे आतडे बाहेरून मूत्रमार्गावर आणि नळीवर दाब देते. त्यामुळे शौचास कधी झाली होती, हे परिचारिकेला सांगावे. याहून पुढे घरच्यांनी जाऊ नये.

प्रशिक्षित परिचारिका नळीच्या रंगीत तोंडावर छापलेले फुग्याचे माप आधी वाचते आणि नोंदीशी ताडून पाहते. त्यानंतर नवी सिरिंज लावून दट्ट्या न ओढता पाणी आपोआप परत येऊ दिले जाते. जोराने ओढल्यास अरुंद वाहिनीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि चालू असलेला मार्गही बंद होतो. काही मिनिटे थांबणे, सिरिंज बदलून पाहणे, रुग्णाला कुशीवर वळवणे आणि नळी किंचित आत सरकवून फुग्यावरील दाब कमी करणे, हे पुढचे प्रयत्न. कण अडकल्याची शंका असल्यास दोन-तीन मिलिलिटर निर्जंतुक पाणी आत सोडून पुन्हा परत येऊ देतात. पाणी पूर्ण निघूनही नळी अडत असेल आणि घडीची शंका असेल, तर अर्धा ते एक मिलिलिटर पाणी परत भरल्याने आवरणाची कडा सपाट होते आणि नळी हलक्या हाताने फिरवत काढता येते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. सिलिकॉनच्या फुग्यातून पाणी आठवडे उलटतील तसे हळूहळू झिरपून कमी होते. दहा मिलिलिटर भरले होते आणि सातच परत आले, म्हणजे तीन मिलिलिटर आत अडकलेच, असे प्रत्येक वेळी नसते.

यानंतरची पायरी डॉक्टरांची. फुगवण्याच्या शाखेवरची झडप कापून काढली, तर दोष झडपेतच असल्यास पाणी आपसूक गळू लागते. कापायची असते ती केवळ ही बाजूची शाखा. मूळ नळी आत सरकू नये म्हणून ती बाहेर पक्की धरून ठेवावी लागते. झडप कापूनही पाणी आले नाही, तर अडथळा आतील बाजूस आहे असे समजते. मग मूत्ररोगतज्ज्ञ फुग्याच्या वाहिनीतून वंगण लावलेली अतिशय बारीक तार सरकवून मार्ग मोकळा करतात किंवा तिच्या टोकाने फुगा टोचतात.

तेही साधले नाही तर फुगा बाहेरून टोचला जातो. सोनोग्राफीवर मूत्राशयातील फुगा गोल, स्पष्ट दिसतो. त्यामुळे ओटीपोटावर भूल देऊन बारीक लांब सुई नेमकी फुग्यापर्यंत नेता येते. त्यापूर्वी मूत्राशय काही प्रमाणात भरून घेतल्यास आतडी बाजूला सरकतात आणि सुईचा मार्ग सुरक्षित होतो. स्त्रियांमध्ये योनिमार्गातून किंवा मूत्रमार्गात नळीच्या शेजारून, तर पुरुषांमध्ये गुदमार्गातून किंवा त्याच्या पुढील त्वचेतून फुग्यापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीही आहेत. रुग्ण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेत असल्यास ते या टप्प्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. शेवटचा पर्याय म्हणजे बारीक दुर्बीण नळीच्या शेजारून आत नेऊन फुगा प्रत्यक्ष पाहत लेसरने किंवा उपकरणाने फोडणे.

नळी बाहेर आल्यावर काम संपत नाही. फुग्याचे आवरण अखंड आहे की नाही, हे तपासावे लागते. तुकडा हरवलेला दिसल्यास दुर्बिणीने मूत्राशय पाहून तो काढला जातो. आत राहिलेल्या रबराच्या तुकड्याभोवती पुढे खडा तयार होऊ शकतो.

काय करू नये

फुगवलेल्या फुग्यासह नळी ओढणे, ही सर्वांत घातक चूक आहे. संभ्रमावस्थेतील वृद्ध रुग्ण स्वतःही असे करू शकतात. त्यामुळे नळी मांडीला किंवा ओटीपोटाला नीट चिकटवून कपड्याखाली नजरेआड ठेवणे हिताचे असते.

मूळ नळी शरीरालगत कापणे ही दुसरी चूक. कापल्यावर पाणी निघेल, अशी अपेक्षा असते. परंतु अडथळा कापलेल्या जागेच्या आत असल्यास फुगा तसाच राहतो आणि उरलेला भाग मूत्राशयात सरकून जातो. मग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही आणि फुग्याच्या वाहिनीतून तार घालण्याची सोपी वाटही बंद होते.

जास्तीचे पाणी भरून फुगा फोडण्याची पद्धत एकेकाळी सुचवली जात असे. तिच्यामुळे असह्य वेदना होतात आणि फुग्याचे तुकडे मूत्राशयात राहण्याची शक्यता वाढते. ईथर, ॲसिटोन किंवा खनिज तेल यांसारखी द्रव्ये भरून रबर विरघळवण्याचे उपायही वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. फुगा फुटताच ही द्रव्ये मूत्राशयाच्या अस्तराचा दाह करतात. सोनोग्राफी आणि दुर्बीण उपलब्ध असताना या मार्गांना आता स्थान उरलेले नाही.

थर, गाठ आणि टाका असल्यास

फुगा रिकामा होऊनही नळी निघत नाही आणि ओढल्यावर खरखरीत अडथळा जाणवतो, तेव्हा क्षारांचा थर असण्याचा संभव असतो. पोटाच्या एक्स-रेमध्ये हा थर बहुधा पांढऱ्या कवचासारखा दिसतो. तो फोडण्यासाठी शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे आघात देणे किंवा दुर्बिणीतून लेसर वापरणे, हे प्रमुख उपाय आहेत. थर फार मोठा असल्यास ओटीपोटावरील छोट्या छिद्रातून खडे काढावे लागतात. या प्रक्रियांपूर्वी लघवीतील जंतूंची चाचणी करून योग्य प्रतिजैविक दिले जाते, कारण थरात दडलेले जंतू प्रक्रियेदरम्यान रक्तात मिसळू शकतात.

मुलांमधील गाठ ओढली की अधिकच आवळते. म्हणून एक्स-रे काढून तिचे स्वरूप पाहिल्यावर भुलेखाली ती सोडवण्याचा किंवा दुर्बिणीतून कापण्याचा निर्णय घेतला जातो. टाक्यात अडकलेल्या नळीबाबत टाका विरघळणाऱ्या धाग्याचा असेल, तर काही आठवडे थांबणे हाच अनेकदा सर्वोत्तम उपचार ठरतो. अन्यथा दुर्बिणीतून तो टाका कापला जातो.

ओटीपोटातून बसवलेल्या नळीचा विचार वेगळा करावा लागतो. ती निघाल्यावर पोटावरील मार्ग लवकर आकसू लागतो. म्हणून ती काढण्यापूर्वीच नवी नळी हाताशी तयार ठेवणे आवश्यक असते.

प्रतिबंध आणि नोंद

नळी अडकण्याचे प्रसंग पूर्णपणे टाळता येत नसले, तरी कमी करता येतात. बसवण्यापूर्वी फुगा फुगवून-रिकामा करून पाहावा की नाही, याबाबत नळीच्या उत्पादकाची सूचना पाळावी. फुग्यात केवळ निर्जंतुक पाणी आणि तेही छापील मापाइतकेच भरावे. हवा किंवा सलाईन भरू नये. नळी ठरलेल्या मुदतीत बदलावी. टेफ्लॉनचा लेप असलेल्या लॅटेक्सच्या नळ्या साधारण चार आठवड्यांपर्यंत, तर पूर्ण सिलिकॉनच्या नळ्या कमाल बारा आठवड्यांपर्यंत वापरासाठी असतात. मात्र ज्या रुग्णांची नळी वारंवार तुंबते, त्यांच्याबाबत ही मुदत लागू पडत नाही. लागोपाठच्या तीन-चार नळ्या किती दिवसांनी तुंबल्या याची नोंद ठेवून, त्याआधीच्या दिवशी बदल ठरवणे अधिक परिणामकारक असते.

पुरेसे पाणी पिणे आणि लिंबू-सरबतासारखी सायट्रेटयुक्त पेये घेणे यांमुळे स्फटिक जमण्याचा वेग मंदावतो. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी. लघवीत जंतू आढळले एवढ्याच कारणाने प्रतिजैविके घेऊ नयेत. दीर्घकाळ नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू असतात आणि लक्षणे नसताना घेतलेली औषधे केवळ प्रतिकारक्षम जंतूंना वाव देतात.

नळीची गरज अद्याप आहे का, हा प्रश्न प्रत्येक बदलाच्या वेळी विचारला जावा. काही रुग्णांना दिवसातून ठराविक वेळा स्वतः नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकता येते आणि कायमच्या नळीपासून सुटका होते.

घरपोच शुश्रूषेचे महत्त्व येथे दिसून येते. केरळने २००८ मध्ये उपशामक शुश्रूषेचे राज्य धोरण स्वीकारले. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या साहाय्याने घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या नियमित कामात लघवीची नळी बदलणे हेही एक काम आहे. जेथे अशी व्यवस्था नाही, तेथे कुटुंबाने ठेवलेली एक साधी वही मोठा आधार ठरू शकते. नळीचा प्रकार व क्रमांक, बसवल्याची तारीख, फुग्यात भरलेल्या पाण्याचे माप, बदलाची पुढील तारीख आणि मागील अडचणी एवढ्या नोंदी तिच्यात असाव्यात. फुग्यात किती पाणी आहे हे ठाऊक असणे, ही नळी अडकल्यानंतर डॉक्टरांना हवी असलेली पहिली माहिती असते.

नळी सदोष निघाल्यास ती आणि तिचे वेष्टन टाकून देऊ नये. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक असतो. भारतात वैद्यकीय उपकरणांवर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये नियंत्रण ठेवले जाते आणि उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वय केंद्र आहे. डॉक्टर व परिचारिकांप्रमाणेच रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही अशी नोंद करू शकतात. एका घरातील न उतरलेला फुगा हा अपघात वाटतो. त्याच बॅचमधील अनेक फुगे उतरत नसल्याचे नोंदींतून दिसले, तर तो उत्पादनातील दोष असल्याचे ओळखता येते.